कारणबाईंचा व्यत्यास

माझ्या मावशीला शाळेत कारणबाई म्हणत. तोंडावर नव्हे, अर्थात. तेवढी छाती कुणाची नव्हती. ती आठवी ते दहावीला भूमिती शिकवायची. फळ्यावर एक ओळ लिहिली की खडू तिथेच धरून, मागे न वळता विचारायची, "कारण?" वर्गाने कारण दिल्याशिवाय पुढची ओळ नाही. उत्तर बरोबर असो, आकृती देखणी असो, पायरीसमोर कंसात कारण नसेल तर गुण कापलेच म्हणून समजा. कधीकधी पालक तावातावाने भांडायला येत. ती त्यांनाही शांतपणे विचारायची, "पूर्ण गुण द्यायचे, बरं. कारण?" पालक आल्या पावली परत जात.

आमच्याकडची शाळा आठवीला संपत होती, म्हणून नववीला मी तिच्याकडे राहायला गेले. "मावशी एकटीच असते," आई म्हणाली, "तुझी सोबत होईल तिला." सोबतीसाठी माझी काही गरज नव्हती, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं.

मावशीचं घर म्हणजे फोटोच्या फ्रेमा करणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. फ्रेमवाला खाली दुकानात काम करायचा आणि तोच घरमालक होता. दुकानाचं तोंड रस्त्याकडे, आमचा जिना मात्र बाजूच्या बोळातून. जिना लाकडी, अरुंद, दोन्हीकडून भिंती, दिवसाही अंधारा. वर चढून आलं की आमचं दार. पुढच्या खोलीत भिंतीवर मोठा फळा होता, कारण सकाळी शिकवणीच्या मुली यायच्या. मागे स्वयंपाकघर. दोन खोल्यांत काका, म्हणजे मावशीचा नवरा, कुठेच नव्हते, पण खुंटीवर त्यांचा शर्ट होता, इस्त्री केलेला.

त्या पहिल्या संध्याकाळी मी पिशवीतून कपडे काढत होते. मावशी जमिनीवर बसून शेंगा सोलत होती. उजेड उतरत चालला होता, खाली फ्रेमवाल्याची हातोडी टकटक करत होती. एकाएकी बाहेर जिन्याची एक पायरी करकरली. मान वर न करता मावशी म्हणाली, "आलास? आज दमला असशील."

मी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं, कडी आतून लावलेली. मावशी बोलतच राहिली. शाळेत नवीन बाक आले, मुख्याध्यापिकाबाईंचा खोकला अजून जात नाही, आपली भाची आजपासून इथे राहणार आहे, भित्री आहे जराशी. असं सगळं त्या बंद दाराला सांगून झालं. थोड्या वेळाने पायरी पुन्हा एकदा करकरली. मग ती गप्प झाली, शेंगांची सालं सुपात गोळा केली आणि उठून दिवा लावला.

"कोण होतं?" मी विचारलं.

"काका."

"अगं, पण काका तर..."

"काका कुठे आहेत ते मला माहीत आहे," मावशी म्हणाली. "हात धुऊन ये. भाजी चिरायची आहे."

 मला भीती वाटली की राग येतो, हा माझा जुना खाक्या. मी चाकू असा चालवला की भाजीचा पार भुगा झाला.

काका नदीवरच्या बोटीवर इंजिन सांभाळत. या काठावरून त्या काठावर माणसं न्यायची आणि परत आणायची. बोलायला फारच कमी, इतके की पाहुणे आले तर आपण नको होतो की काय अशी त्यांना शंका यायची. मी दुसरी-तिसरीत असताना एका सकाळी ती बोट भर प्रवाहात उलटली. बाकीची सगळी माणसं मिळाली, कोणी जिवंत, कोणी तशी. काका मात्र मिळाले नाहीत. खरं तर त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. बदलीचा माणूस आला नाही म्हणून बोलावणं आलं, तेव्हा ते जरा रेंगाळले. मावशी पेपर तपासत बसली होती. ती म्हणाली, "जा रे, घरी बसून तरी काय करणार आहेस?" हे वाक्य त्यांच्या आईने, म्हणजे मावशीच्या सासूबाईंनी, आतून ऐकलं. तेव्हा त्या यांच्याकडेच राहत.

पुढे काही दिवसांनी सासूबाईंनी आपली ट्रंक बांधली आणि मागच्या गल्लीत थोरल्या मुलाकडे राहायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "तू घालवलंस माझ्या पोराला. या घराचा उंबरा मी पुन्हा ओलांडणार नाही." त्या शब्दाच्या पक्क्या होत्या. इतक्या जवळ राहून दोघींचं बोलणं नव्हतं. रस्त्यात समोरासमोर आल्या तर एक भाजी बघायला लागायची आणि दुसरी आभाळ.

शाळेत मावशीला पाहिलं तर हे काहीच खरं वाटू नये. वर्गात ती अशी ताठ उभी राहायची की तिची सावलीसुद्धा लंबासारखी पडायची. आम्हाला पहिला धडा होता मूलभूत संबोधांचा. ती म्हणाली, बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही. त्याला फक्त स्थान असतं. पुढच्या बाकावरच्या एका चळवळ्या मुलीने विचारलं, "बाई, मग तो दिसतो कसा?"

"दिसत नाही," मावशी म्हणाली. "मी खडूने काढते तो ठिपका. ठिपका म्हणजे बिंदू नव्हे. बिंदू इथे आहे, एवढं सांगणारी ती खूण."

सगळा वर्ग ठिपक्याकडे बघत राहिला. मला मात्र जिना आठवला.

मग आलं जर-तर. जर दोन कोन परस्परांचे विरुद्ध कोन असतील, तर ते एकरूप असतात. 'जर'च्या पुढे असतो तो पक्ष, म्हणजे आपल्याला दिलेलं. 'तर'च्या पुढे असतं ते साध्य, म्हणजे सिद्ध करायचं. या दोन्हींची अदलाबदल केली की होतो व्यत्यास. आणि इथे मावशी खडू टेबलावर ठेवायची, हात झटकायची आणि आवाज चढवायची, "विधान खरं आहे म्हणून व्यत्यास खरा, असं धरून चाललात तर तुमचं काही खरं नाही. चौरसाचे कर्ण समान असतात. कर्ण समान आहेत म्हणून प्रत्येक चौकोन चौरस होतो का? आयताचे कर्ण काय वेगळे असतात? घरी जाऊन दहा व्यत्यास लिहा आणि त्यातले खोटे शोधून आणा."

मी घरी बसून व्यत्यास लिहीत होते, तेवढ्यात पायरी करकरली. मावशी म्हणाली, "आलास?" मला राहवलं नाही. दुसऱ्यांदा पायरी वाजेपर्यंत मी दम धरला आणि मग वहीवर पेन आपटून म्हणाले, "मावशी, एक विधान सांगू? काका घरी यायचे तेव्हा तिसरी पायरी वाजायची. हे खरं?"

"खरं. लग्न झाल्यापासून वाजते ती. वरून तिसरीच."

"मग पायरी वाजली म्हणून काका आले, हे काय झालं?"

आता चांगलीच फटकारणार, असं मला वाटलं. पण ती हसली. इतकी सुंदर हसली की मला तिची भीतीच वाटली.

"व्यत्यास," ती म्हणाली. "तुला काय वाटलं, मला कळत नाही? पण वर्गात अर्धंच ऐकतेस तू. व्यत्यास खोटाच असतो, असं मी कधी म्हटलं? त्रिकोणाच्या दोन बाजू एकरूप असतील तर त्यांच्या समोरचे कोन एकरूप असतात. याचा व्यत्यास खरा आहे. आहे ना? व्यत्यास आपोआप मिळत नाही, एवढंच. तो वेगळा सिद्ध करावा लागतो."

"मग सिद्ध कर ना!"

"घाई काय आहे?" असं म्हणून ती भात बघायला आत गेली.

घाई झाली ती फ्रेमवाल्यामुळे. एका सकाळी शिकवणीला आलेल्या मुलीचा पाय जिन्याच्या फळीतून आरपार गेला. नुसतंच खरचटलं, पण तिने बोंब अशी ठोकली की अख्खा बोळ गोळा झाला. फ्रेमवाला वर आला, दारात उभा राहून मान खाजवत म्हणाला, "बाई, लाकूड पार कुजलंय. सुट्टी लागली की जिना काढतो आणि लोखंडी बसवतो. उद्या कुणाचा पाय मोडला तर मी लोकांना काय तोंड दाखवू?"

"तिसरी पायरी तेवढी ठेवता येईल?" मावशीने विचारलं.

फ्रेमवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. "बाई, एकट्या पायरीचं लोणचं घालायचंय का?" तो म्हणाला आणि खाली गेला. तो माणूस वाईट नव्हता, नुसता तोंडाळ होता.

त्या दिवशी मावशी जेवली नाही. माझी वेणी घालता घालता म्हणाली, "लोखंडी जिन्यावर त्याचं येणं मला कळायचं कसं? पायरी गेली की तो गेला. त्याच्या आत मला हे सिद्ध करायला हवं. एकदा सिद्ध झालं की मग पायरी असो नसो, तो येतो हे मला ठाऊक असेल. मग मी कुणालाही विचारणार नाही." तिचे हात माझ्या केसांत थांबले होते. मला तिची कीव आली, रागही आला, आणि खरं सांगते, नकार द्यायची हिंमत झाली नाही.

तिने भिंतीवरच्या फळ्याचा कोपरा आखून घेतला. पक्ष: संध्याकाळी तिसरी पायरी वाजते. साध्य: तो येतो. खाली लिहिलं, पायरी वाजण्याच्या सर्व शक्यता. एकेक शक्यता खोटी ठरवत जायचं, शेवटी जी उरेल ती खरी. रीत एकदम चोख होती. नववीतल्या कुणालाही शिकवावी अशी.

पहिली शक्यता फ्रेमवाल्याचं कापायचं मशीन. ते सुरू असलं की भिंत थरथरायची. मावशीने त्याला ते दुपारनंतर बंद ठेवायची गळ घातली. त्याने कुरकुर केली, पण ठेवलं. पायरी वाजली. मावशीने फळ्यावरचं मशीन पुसलं.

दुसरी शक्यता शेजारचं मांजर. मी त्याला दुधाची लालूच दाखवून आमच्या स्वयंपाकघरात कोंडलं. त्याने माझा हात ओरबाडला. पायरी वाजली तेव्हा मांजर माझ्याच मांडीवर गुरगुरत होतं. मांजर पुसलं.

तिसरी शक्यता लाकडाची. दिवसभर तापलेलं लाकूड संध्याकाळी आवळतं आणि कुरकुरतं, हे मी सांगितलं. विज्ञानाच्या सरांकडून ऐकलं होतं. मावशीने सकाळपासून पायऱ्यांवर ओली पोती टाकली, दर तासाला मला पाणी शिंपडायला लावलं आणि उजेड उतरायच्या आत पोती उचलली. लाकूड गारेगार होतं. पायरी वाजली. पुन्हा एकदा वाजली. लाकूडही पुसलं.

एकेक शक्यता पुसली जात होती तशी मावशी उजळत होती. संध्याकाळी तोंड धुऊन चांगली साडी नेसायला लागली. दोन कप चहा ठेवायला लागली. आणि माझी झोप उडत होती. आधी मला वाटायचं, मावशीच्या मनाचे खेळ आहेत. आता मात्र माझ्यासमोर, माझ्या हातांनी, सगळी साधी कारणं एकामागून एक खोटी पडली होती. बंद दारापलीकडे, अंधाऱ्या जिन्यात, तिसऱ्या पायरीवर रोज कुणीतरी उभं राहत होतं, हे आता मलाही नाकारता येत नव्हतं.  संध्याकाळी मी दाराकडे पाठ करून बसायची नाही, आणि तोंड करूनही बसवायचं नाही.

"आपण पायरीवर खडूची भुकटी टाकू," मी म्हणाले. "ठसा उमटला की कळेल."

मावशी संतापली. "ठसा? कोनमापकाने मोजून कोन एकरूप आहेत असं लिहिलंस तर मी गुण देते का तुला? मोजलेलं म्हणजे सिद्ध केलेलं नव्हे. ज्याला विचार करता येत नाही तो मोजत बसतो."

"मग दार तरी उघड! पायरी वाजली की दार उघडून बघ, कोण आहे ते. इतक्या वर्षांत एकदा तरी उघडलंस का?"

"तेही मोजणंच," ती म्हणाली. पण तिची नजर माझ्यावरून हटली. तेव्हा मला कळलं की कारणबाईंकडे या एका गोष्टीचं कारण नाही. त्यांना नुसती भीती वाटते, माझ्यासारखीच.

जिना निघायचा त्याच्या आदल्या दिवशी फळ्यावर एकही शक्यता उरली नव्हती. मावशीने साडी नेसली, चहा ठेवला आणि फळ्यापाशी जाऊन खडू उचलला. शेवटची ओळ लिहायची होती. म्हणून तो येतो. ती पायरीची वाट बघत होती, पायरी वाजली की लिहायची.

पायरी वाजली.

"आलास?" मावशी म्हणाली. तिचा आवाज आनंदाने फाटला होता. "ये. आज तुला काहीतरी दाखवायचंय." आणि तिने फळ्यावर 'म्हणून' लिहिलं.

मला ते सहन झालं नाही. 'तो येतो' असं एकदा तिथे लिहिलं गेलं की मावशी आमच्यातून कायमची गेली, असं मला स्वच्छ दिसलं. ती त्या फळ्याशीच म्हातारी होणार, त्या दाराशी बोलत. मी उठले आणि कडीला हात घातला. मावशीने झडप घालून माझा हात धरला. बरीच ताकद होती तिच्यात. आम्ही दोघी दाराशी चक्क झोंबलो, कपाटाला धक्का लागून कपबशी फुटली. "सर्व शक्यता म्हणालीस ना?" मी ओरडले. "सर्व घेतल्यास? कशावरून? कारण दे!"

ती थबकली. कारण मागितलं की थांबायचं, ही सवय तिला स्वतःलाच इतकी लागली होती. तिने माझा हात बाजूला सारला, पदर सारखा केला आणि स्वतः कडी काढली.

तिसऱ्या पायरीवर तिच्या सासूबाई उभ्या होत्या.

अनवाणी, एक हात भिंतीला, मान वर केलेली. आतला उजेड तोंडावर पडला तशा त्या दचकल्या, पण हलल्या नाहीत. मावशीच्या बाजूने आत बघायचा प्रयत्न करत त्या हळूच म्हणाल्या, "आत आहे ना तो? मी वर येत नाही गं. उंबरा ओलांडत नाही. त्याला नुसतं दारात यायला सांग. एकदा बघते आणि जाते."

मावशीचा हात कडीवरून खाली आला.

"रोज ऐकते मी," आजी सांगत होत्या. "मागे एकदा तुझ्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून आले होते. इथवर आले आणि पाय अडकला, मन होईना. तेवढ्यात तू आतून म्हणालीस, 'आलास?' मला वाटलं, अगं बाई, माझं पोर घरी येतं! माझ्याकडे येत नाही, रागावलं असेल. बायकोकडे तरी येतं. तेव्हापासून येते रोज. तू बोलतेस ते ऐकते आणि जाते. त्याचा आवाज येत नाही, पण तो कधी बोलायचा गं?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. आजीच्या पावलाने पायरी वाजत होती, म्हणून मावशी बोलत होती. मावशी बोलत होती, म्हणून आजी पायरीवर येत होत्या. एकीचं साध्य तो दुसरीचा पक्ष, आणि दुसरीचं साध्य तो पहिलीचा. अशी सिद्धता वर्गात कुणी लिहिली असती तर मावशीने वही फेकून दिली असती. आणि सर्व शक्यतांच्या यादीत एकच नाव कधी आलं नव्हतं, कारण सासूबाई या घराचा उंबरा ओलांडणार नाहीत हे तिने गृहीतक म्हणून धरलं होतं. गृहीतक कुणी तपासत नाही. जिना उंबऱ्याच्या अलीकडे असतो, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"आई," मावशी म्हणाली.  "आत कोणी नाही. तो येत नाही. तो कधीच आला नाही."

"खोटं बोलतेस."

"नाही, आई."

"तुला एकटीलाच हवा तो. तेव्हाही तसंच, आताही तसंच." आजींचा आवाज चिरका झाला. त्या आणखी एक पायरी चढल्या आणि आतलं सगळं त्यांना दिसलं: फुटलेली बशी, फळा, खुंटीवरचा शर्ट, आणि मी.  मग एकदम लहान झाल्यासारख्या दिसल्या. "मग तू रोज कुणाशी बोलत होतीस?" त्यांनी विचारलं.

जन्मभर दुसऱ्यांकडून कारणं वसूल करणारी माझी मावशी गप्प उभी राहिली. आजी वळल्या. उतरताना तिसरी पायरी करकरली.

सकाळी फ्रेमवाल्याने जिना काढला. मी त्याला विचारलं, बोळातून कुणी येताना दिसायचं का? तो म्हणाला, "दिसायचं म्हणजे? आजी रोज यायच्या. मला वाटलं तुमच्याकडेच येतात." मग सांगितलं का नाही, म्हणून मी त्याच्यावर खेकसले. "तुम्ही मशीनचं विचारलंत," तो म्हणाला.

लोखंडी जिना करकरत नव्हता, घुमायचा. कोण आलं, कोण गेलं, सगळं दणदण ऐकू यायचं. संध्याकाळी मात्र कुणीच येत नव्हतं. मावशी दाराकडे तोंड करून बसायची आणि काही बोलायची नाही. मला वाटलं होतं, भूत गेलं की घर हलकं होईल. पण ती शांतता आधीच्या करकरण्यापेक्षा भयंकर होती. आधी काका निदान संध्याकाळपुरते तरी यायचे. आता ते दिवसभर नव्हते. मावशीने शर्ट खुंटीवरून काढला, घडी केली, परत उलगडला आणि परत अडकवला. फळ्यावरचं 'म्हणून' तिने पुसलं नाही आणि मीही पुसलं नाही. मला तर वाटत होतं, मी दार उघडायचा हट्ट केला नसता तर बरं झालं असतं. हे मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, "वेडी आहेस का? बस अभ्यासाला."

मग एका संध्याकाळी, नेमक्या त्याच वेळी, ती उठली. केस विंचरले, चपला घातल्या. "चल," म्हणाली. मी विचारलं, कुठे? तर जिना उतरायलाही लागली होती.

मागच्या गल्लीत थोरल्या काकांचं घर. दार त्यांच्या बायकोने उघडलं आणि मावशीला बघून तिने तोंडावर हात ठेवला. आजी आतल्या खोलीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्या दिवसापासून बाहेर पडल्या नव्हत्या, नीट जेवतही नव्हत्या म्हणे.

मावशी उंबऱ्याशी थांबली. "आई, आत येऊ?"

 ती आत गेली आणि खाटेपाशी जमिनीवर बसली.

"तुम्ही विचारलंत ना, मी रोज कुणाशी बोलत होते," ती म्हणाली. "पायरीवर तुम्ही होतात. दुसरं कुणीच नव्हतं. मग मी तुमच्याशीच बोलत होते."

 आजी भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "बोल मग."

बंद दाराशी वर्षानुवर्षं बोललेल्या बाईला समोर माणूस आल्यावर काही सुचेना.  आणि मग जे बाहेर आलं ते तिने कधीच, कुणालाच, त्या दारालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"मीच म्हणाले त्याला, जा. त्याला जायचं नव्हतं, आई. मी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. पेपर तपासत होते." ती रडत होती, आणि तिच्या रडण्याला कसलाच आवाज नव्हता.

आजी वळल्या. त्यांनी मावशीच्या डोक्यावर हात ठेवला, मग काढून घेतला, मग परत ठेवला.

"ऐकलं होतं मी," त्या म्हणाल्या. "ऐकलं आणि उठून डबा भरला. तो दारात घोटाळत होता, जाऊ की नको करत. मी डबा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, हो आता पुढे, उशीर होतोय."